मुक्यानं आणायची गौर

भाद्रपदात आमच्याकडे गौर यायच्या आधी माझी कंबर धरते. दरवर्षी. पंचांग बघायची गरजच नाही. ओट्याखालच्या कप्प्यातलं पुरणयंत्र काढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले, की समजायचं, गौरी आल्या. यंदाही तेच झालं. ओट्याला धरून मी तशीच उभी, खाली मंडळाच्या मांडवात कुणीतरी माइकला हॅलो हॅलो करतोय, आणि बोरिवलीतलं ते पाऊस उघडल्यावरचं ऊन खिडकीतून अंगाला चिकटतंय. "अगं, काय झालं?" ह्यांनी हॉलमधून विचारलं. "काही नाही, गौर येतेय," मी म्हटलं. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

गणपती आमचा दीड दिवसाचा. तो गेला की घर जरा श्वास घेतं आणि लगेच गौरींची तयारी लागते. सांगायला लाज कसली, अलीकडे मला देव आले की आधी दमायला होतं. भक्ती नंतर. आधी चांदीची भांडी, मग कोपऱ्यातली जळमटं, मग भाज्या, मग कोण कोण जेवायला, आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत नमस्कार. लेक पुण्यात असते, ती व्हिडिओ कॉलवर आरतीला असते. "आई, किती छान दिसतंय गं सगळं," म्हणते. दिसतं खरं.

आमच्या गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, दागिने नाहीत. पाणवठ्यावरचे सात खडे उचलायचे, तबकात ठेवायचे, वर खण पांघरायचा आणि घरी आणायचे. झाली देवी. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुली हळदीकुंकवाला येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच विचारतात, "काकू, पण गौरी कुठेयत?" मी तबकाकडे बोट दाखवते. त्या वाकून नमस्कार करतात, पण चेहरा असा, की एवढी साडी नेसून आलो ती उगाच.

खडे आणायचे ते घरच्या लेकीनं, आणि मुक्यानं. पाणवठ्यावर तोंडात चूळभर पाणी घ्यायचं आणि ते दारातल्या तुळशीपर्यंत तसंच धरायचं. वाटेत बोलायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, मागे वळून बघायचं नाही. पुढे एकीनं घंटा वाजवत चालायचं. दारात पोचलं की पाणी तुळशीत सोडायचं. मग घरातली बाई पायांवर कोमट दूध-पाणी घालते आणि विचारते, "गौर कशाच्या पावलांनी आली?" लेकीनं सांगायचं, "सोन्याच्या पावलांनी." मग आत. वाटेत चूळ सांडली, गिळली, तोंडातून शब्द गेला, तर परत पाणवठ्यावर जायचं आणि पहिल्यापासून आणायचं. सासूबाईंच्या राज्यात यात सूट नव्हती. सून असल्यामुळे माझ्या वाट्याला कायम घंटा आली.

या देवीचं मला एक आवडतं. ती काही द्यायला म्हणून येत नाही. गणपतीपुढे सगळे काही ना काही मागत असतात, पोराची ॲडमिशन, बिल्डिंगचं रखडलेलं काम. गौरीकडे कुणी मागत नाही, कारण ती आलेली असते माहेरपणाला. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, प्रवासातून आलेल्या पोटाला जड नको. दुसऱ्या दिवशी गोडाचं, घावन-घाटलं. तिसऱ्या दिवशी निघताना दहीभात, वाटेत पोटाला थंड. देवीला एवढं दमायला होतं तरी कशानं, असं मी सासूबाईंना एकदा विचारलं होतं. त्या खोबरं खवत होत्या. "वर्षभर लोकांचं ऐकते ती," त्या म्हणाल्या. "तू अर्धा तास ऐकून बघ." मला पटलं. बाईमाणूस कामानं दमतं त्याहून जास्त ऐकण्यानं दमतं. फक्त एवढंच मनात यायचं, की दमून आलेल्या देवीच्या पायांवर पाणी घालणारी बाई पहाटेपासून उभी असते, तिचं काय? माझं माहेर तर केव्हाच बंद झालं होतं. आईबाबा गेले, भावानं जागा विकली आणि तो बंगलोरला गेला. फोनवर छान बोलतो.

नंदा ज्या वर्षी मोठी बॅग घेऊन आली, ते वर्ष मला दर भाद्रपदात आठवतं.

नंदा माझी नणंद. माझ्याच वयाची, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अगं-तुगं. मुलुंडला दिलेली. दरवर्षी आदल्या दिवशी छोटीशी पिशवी घेऊन यायची, गौर आणायची, आणि तिसऱ्या दिवशी गौर गेली की दहीभाताचा डबा घेऊन निघायची. सासूबाईंचा तो नियमच होता, गौर गेली की माहेरवाशिणीनंही निघावं, रेंगाळू नये. त्या वर्षी तिच्या हातात चाकांची बॅग होती. "एवढी मोठी?" मी विचारलं. "साड्या आहेत गं," ती म्हणाली. नंदाला साड्यांची हौस कधीच नव्हती.

दुपारी आम्ही दोघी जमिनीवर पेपर पसरून शेपू निवडत बसलो होतो. सासूबाई आत लवंडल्या होत्या. नंदा म्हणाली, "वहिनी, प्रमोद बोलत नाही."

"भांडलात?"

"नाही. बोलत नाही. संक्रांतीपासून."

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली. बोलत नाही म्हणजे एक शब्द नाही. पाणी हवं असलं की टीव्हीकडे बघून म्हणायचा, "या घरात पाणी मिळेल का." भाजी आवडली नाही तर ताट तसंच ठेवून उठायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात तिसरा आवाजही नव्हता. कारण काय, तर कुणाच्या तरी बारशाला नंदा चारचौघांत त्याच्या कुठल्याशा बोलण्याला हसली होती.

"हात उगारतो का?"

"नाही गं. उगारला असता तर कुणाला सांगता तरी आलं असतं. आता काय सांगू, नवरा गप्प बसतो म्हणून? लोक म्हणतील, नशीबवान आहेस." ती शेपूच्या काड्या एका बाजूला सारत होती. "दिवसभरात मिक्सर लावते ना, तेवढाच काय तो आवाज."

मला वाटलं, यात काय एवढं, आमचे हे तरी कुठे बोलतात. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. एवढं चार वाक्यं बोलून तिला धाप लागल्यासारखं झालं होतं. बोलायची सवयच गेली होती बिचारीची. मला तिचं फार वाईट वाटलं. आणि त्याच दमात हेही वाटलं, की ही राहिली तर झोपणार कुठे. आमचं घर केवढं, वन रूम-किचनला कपाट आडवं लावून केलेलं वन बीएचके.

सासूबाईंना सण होईपर्यंत काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

आमच्या मागे तेव्हा जुनं गावठाण होतं आणि त्यात एक विहीर. वर लोखंडी जाळी बसवलेली. जाळीच्या फटीतून दोरीनं तांब्या सोडायचा. आता तिथे टॉवरचं पार्किंग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदानं विहिरीच्या कठड्यापाशी बसून खडे निवडले, धुतले, तबकात मांडले. चूळ भरली, पदर डोक्यावर घेतला आणि मान हलवली. मी पुढे घंटा वाजवत निघाले. केकवाल्याचं दुकान, मोबाइलवाला, मांडव. रिक्षावाल्यानं घंटा ऐकून हॉर्नवरचा हात काढला आणि कपाळाला लावला. त्याला तबकात खडे आहेत का काय आहे, काही माहीत नव्हतं.

गेटपाशी प्रमोद उभा होता.

इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मी पुढे झाले, नंदा त्याच्यासमोरून गेली, आणि ती दोन पावलं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "नंदा."

बस, एवढंच. पण संक्रांतीपासून पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं होतं. इतके महिने ज्या एका हाकेसाठी ती बिचारी झुरली, ती हाक त्या माणसानं मारली कधी, तर तिच्या तोंडात पाणी असताना. माझी घंटा थांबली. मी मागे वळून बघितलं. घंटावालीला तेवढी मुभा असते. नंदा जागच्या जागी उभी होती, तबक दोन्ही हातांत धरून. तिचा गळा हलला, तो मला स्पष्ट दिसला. वाटलं, संपलं, आता ही वळणार. ती वळली नाही. चालायला लागली, माझ्या पुढे गेली, आणि मी घंटा वाजवत तिच्या मागे पळाले.

दारात सासूबाई दूध-पाण्याचं भांडं घेऊन उभ्या. त्यांनी तुळशीकडे खूण केली. नंदानं तोंड उघडलं आणि म्हणाली, "आई, गिळलं गं."

मी म्हटलं, वाट लागली. आता परत विहीर, परत ते गेट. आणि जिन्यात प्रमोदच्या चपलांचा आवाज येत होता. सासूबाईंनी नंदाकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या वळणावर आलेल्या जावयाकडे. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना नियमापाशी थांबलेलं बघितलं.

"पोटातच गेलंय ना? सांडलं तर नाही?" त्या म्हणाल्या आणि खाली वाकून लेकीच्या पायांवर पाणी घालायला लागल्या. "जावईबापू, गौर आत येतेय. जरा बाजूला उभे राहा."

प्रमोद बाजूला झाला. पाहुणा म्हणून त्याला आम्ही भाजी-भाकरी वाढली. तो जेवला, आणि निघताना सासूबाईंना म्हणाला, "तिसऱ्या दिवशी न्यायला येतो, हिला सांगा." ही दीड हातावर बसली होती.

नंतर ताटं घासताना नंदा मला म्हणाली, "वहिनी, मुद्दाम नाही गिळलं. हाकेला ओ द्यायची सवय गं. ओ द्यायला म्हणून गिळलं." तिनं घासलेलं ताट नळाखाली धरलं. "मग दिलीच नाही."

त्या वर्षीचं घावन-घाटलं कसं झालं होतं, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की देवीपुढे बसून मी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. माहेरपणाला आलेल्या बाईला कामाला लावू नये, हे कळत होतं. तरी म्हटलं, बाई गं, हिचं काहीतरी कर. आणि लगेच वाटलं, देवी बिचारी तरी काय करणार. ती स्वतः उद्या निघणार, तिलाही थांब कुणी म्हणणार नाही. आपण देवीला लेक केलं, तिच्या पोटाला जड काय, हलकं काय ते बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी दहीभात देऊन तिलाही वाटेला लावलं. देवघरातल्या समईला मी तेल घातलं आणि उठले.

तिसऱ्या दिवशी खडे परत विहिरीत गेले. नंदाची ओटी भरली. दहीभाताचा डबा तिच्या चाकांच्या बॅगेवर ठेवला होता. प्रमोद हॉलमध्ये बसला होता, बंद टीव्हीकडे बघत. "निघायचं का, विचारा," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते टीव्हीलाच माहीत. ह्यांनी घसा खाकरला. नंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. घरात सगळेजण सासूबाईंकडे बघत होते, कारण रेंगाळू नये हा नियम त्यांचाच होता.

सासूबाई म्हणाल्या, "गौर जाते, कारण तिकडे तिची कुणीतरी वाट बघत असतं. हिची तिकडे कोण वाट बघतंय?"

"मी आलोय ना न्यायला," प्रमोद म्हणाला.

"मग तिला सांगा की. ती काय तिथे भिंतीत उभी आहे?"

आम्ही सगळे थांबलो. खरंच थांबलो हो, सासूबाईसुद्धा. त्या क्षणी तो नुसतं "चल" म्हणाला असता, तरी नंदा गेली असती. हे ती स्वतः सांगते. त्यानं रुमालानं मान पुसली, टीव्हीकडे बघितलं, आणि उठून चपला घातल्या. सासूबाईंनी बॅगेवरचा दहीभाताचा डबा उचलला आणि फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी तो आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला.

आता हे ऐकायला गोड वाटतं. पुढची वर्षं गोड नव्हती. देवीचं माहेरपण निभतं, कारण ते तीन दिवसांचं असतं. देवीला सकाळी सातला बाथरूम लागत नाही. देवी ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही. नंदा हॉलमध्ये झोपायची, त्यामुळे ह्यांना बातम्या बघता यायच्या नाहीत, त्यामुळे हे माझ्यावर चिडायचे, त्यामुळे मी कुकरवर. आणि नंदा बोलायला लागली! बोलायला लागली म्हणजे काय विचारू नका. भाजीवाल्याशी, वॉचमनशी, दुधाच्या पातेल्याशी. एवढ्या महिन्यांचं साचलेलं सगळं माझ्याच कानांवर. मला कधीकधी वाटायचं, चूळ भरून ठेव गं बाई जरा. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "नंदा अजून आहे का?" सासूबाई म्हणायच्या, "आहे की. आमची गौर बसलीय यंदा." त्यावर कुणाला पुढे विचारता यायचं नाही.

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही दोघींनीच त्यांचं केलं. कूस बदलायची, अंग पुसायचं, चादरी. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. एक दिवस त्यांचे पाय कोमट पाण्यानं पुसता पुसता मी विचारलं, "आई, त्या वर्षी नंदाला परत विहिरीवर का नाही पाठवलंत?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "परत गेली असती तर त्यानं परत हाक मारली असती. दुसऱ्यांदा हिनं ओ दिली असती."

"आणि देवीला चाललं?"

"देवीचं मी बघून घेतलं," त्या म्हणाल्या. शेजारच्या कुलकर्णीणबाईंचं बघून घेतलं म्हणाव्यात तशा.

सासूबाई गेल्यावर नंदा समुद्राकाठी मढला गेली. तिथल्या एका बंगल्याची देखभाल तिच्याकडे आहे. बंगला शूटिंगला भाड्यानं देतात, मागच्या अंगाला हिची खोली. "वहिनी, आमच्याकडे वर्षातून चारपाचदा गौरी-गणपती बसतात," ती फोनवर सांगत असते. "नथा घातलेल्या मुली, ही मोठाली तोरणं. पुरणपोळी चकाकावी म्हणून तिच्यावर तेलाचा फवारा मारतात. पॅकअप झालं की देवी टेम्पोत." दर भाद्रपदात मात्र ती छोटी पिशवी घेऊन बोरिवलीला यायची, खडे आणायची, आणि दारात दूध-पाण्याचं भांडं घेऊन आता मी उभी असायचे.

यंदा माझी कंबर धरली त्याच दिवशी तिचा फोन आला. मी ओट्याला धरूनच बोलत होते.

"वहिनी, यंदा गौरी माझ्याकडे."

"तुझ्याकडे म्हणजे? मी मढला येऊन रांधू?"

"तू काही करायचं नाहीस. तू आणायचीस."

"मी कशी आणणार? मी सून आहे."

"बोरिवलीला आहेस," ती म्हणाली. "माझ्याकडे कुठे सून आहेस?"

मी गप्प बसते हे एवढं विरळ, की हे पेपर खाली करून बघायला लागले. फोन ठेवून सांगितलं तर म्हणाले, "असं कसं? कुळाचार आपल्या घरचा. गौरी अशा बाहेर नेतात का?" मी म्हटलं, "मग यंदा तुम्ही आणा. चूळ धरायची आणि कुणाशी बोलायचं नाही, तुम्हाला काही जड नाही." हे परत पेपरात शिरले. निघताना मात्र कंबरेचा पट्टा स्वतः आणून माझ्या पिशवीत घातला. सासूबाईंचं तबक मी खणात गुंडाळून घेतलं होतं.

मढला बसमधून उतरले तर सगळीकडे सुक्या मासळीचा वास. मनात आलं, सासूबाईंनी नाकाला पदर लावला असता. मग वाटलं, लावला असता आणि आल्या असत्या. नंदा म्हणाली, "समोर समुद्र आहे. मी दारात थांबते. तू आण जा." मी किनाऱ्यावर वाकून वाकून खडे शोधत होते. ओहोटी होती, पायांखाली ओली वाळू, कंबर बोलत होती. होड्यांच्या सावलीत जाळं घेऊन बसलेल्या एका कोळणीनं विचारलं, "काय गो बाय, काय हरवला?" तोवर मी सातवा खडा उचलून, नियमाप्रमाणे पाणवठ्याचं पाणी तोंडात घेतलेलं. समुद्राचं! मेलं, आयुष्यभर विहिरीचं बघितलं, डोक्यातच आलं नाही. जीभ, घसा, डोळे, सगळं एकदम खारट. मी तबक दाखवलं आणि गालांकडे बोट केलं. "हां, गवर हाय," ती शेजारणीला म्हणाली. "बोलू नको तिच्याशी." आणि दोघींनी बसल्या जागेवरून हात जोडले. मला की खड्यांना, कुणास ठाऊक.

घंटा वाजवायला पुढे कुणी नव्हतं. मी एकटीच चालत होते. पिशवीत फोन वाजला. हे असणार, साखरेचा डबा कुठे आहे विचारायला. वाजला, थांबला, परत वाजला. मला उचलता येत नव्हता. उचलायचा नव्हताच, मनाई होती. एका बाईनं पत्ता विचारला, मी नुसती पुढे गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं, की मला कुणी काही विचारू शकत नव्हतं आणि मी कुणाला उत्तर द्यायला बांधलेली नव्हते. देवी आणायला मुक्यानं का जायचं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटायचं, देवीचा मान म्हणून. त्या रस्त्यावर वाटलं, ज्या कुणा बाईनं हे पहिल्यांदा ठरवलं ती फार दमलेली असणार. देवीच्या नावावर तिनं पाणवठ्यापासून घरापर्यंतचा तेवढा रस्ता स्वतःसाठी मागून घेतला असेल. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खारट पाणी तोंडात असल्यावर कशानं आलं हे सांगता येत नाही.

बंगल्याच्या मागच्या दारी नंदा भांडं घेऊन उभी होती. पायरीशी तिची तुळस, डेरेदार. मी सवयीनं तुळशीवर वाकले.

"वहिनी, थांब!" नंदा ओरडली. "समुद्राचं आहे ना ते? अगं, तुळस मरेल माझी!"

मी तशीच थांबले, गाल फुगवून, अर्धी वाकलेली. थुंकता येईना, गिळता येईना, आणि वाकल्यामुळे कंबर जी धरली ती सोडेना. नंदानं माझ्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. चारचौघांत नवऱ्याला हसली होती ते असंच असणार, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही आवरलं नाही. सगळी चूळ फवारा उडाल्यासारखी पायरीवर, माझ्या पायांवर, तिच्या साडीवर.

हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं, काय झालं ते. "सांडलं," मी म्हटलं. "परत जाते."

"कुठे जातेस?" नंदा म्हणाली. "पोचलीस की."

तिनं मला धरून सरळ उभं केलं, खाली बसली आणि माझ्या पायांवर कोमट दूध-पाणी घातलं. वाळू निघून जाईपर्यंत घालत राहिली. मी वरून बघत होते, तिच्या भांगात आता सगळे पांढरे. माझ्या पायांना असं कुणी शेवटचं कधी हात लावला होता, मला आठवेना. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर मला पाठ होतं. दारात उभी राहून इतकी वर्षं मी ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

"दुखऱ्या," मी म्हटलं.

नंदा हसली नाही. तिनं माझ्या हातातलं तबक घेतलं आणि मला आत नेलं. मला वाटलं, आता पाटावर ठेवेल, हळदकुंकू होईल, आरती होईल, आणि मी पदर खोचायला हात उचललासुद्धा. तिनं तबक तसंच ओट्यावर ठेवलं, चहाच्या आधणाशेजारी, आणि देवीसाठी मांडलेला पाट भिंतीशी ओढला.

"बस आधी," ती म्हणाली.

मी भिंतीला पाठ टेकून बसले. गौर ओट्यावर थांबली, माझा चहा होईपर्यंत.